कम्युनिटी कॉलेजमधली मदत कुठे, कधी आणि कशी मागायची: कॅलिफोर्नियातल्या आपल्या लोकांसाठी

दर ऑगस्टमध्ये ओळखीतलं कुणाचं तरी मूल, नाहीतर एखादी वहिनी कम्युनिटी कॉलेजात नाव घालते, आणि ऑक्टोबर संपता संपता मला फोन येतो की स्टॅट्स अजिबात जमत नाहीये, क्लास ड्रॉप करू का. मी विचारते ट्युटरिंग सेंटरला गेलात का, काउन्सेलरला भेटलात का, तर उत्तर ठरलेलं, नाही गं, म्हटलं आपलं आपण बघू. हे आपलं आपण बघू मीही केलंय, आणि त्यात माझं एक अख्खं सेमिस्टर आणि बरेच पैसे गेले, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. लिहितेय ते कॅलिफोर्नियाबद्दल, कारण मी शिकले इथेच. दुसऱ्या राज्यात ऑफिसांची नावं आणि नियम वेगळे असतील.

आधी एक गैरसमज. गावाकडे सांगितलं की लोकांना अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेज वाटतं आणि इथल्या आपल्या मंडळींना वाटतं की ज्याला कुठे मिळालं नाही तो तिथे जातो. दोन्ही चूक. राज्यात अशी ११६ सरकारी कॉलेजेस आहेत, राज्याच्या रहिवाशांना फी युनिटला (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, आणि पहिली दोन वर्षं इथे करून यूसी किंवा कॅल स्टेट या राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटींत तिसऱ्या वर्षात जाता येतं. प्रवेश सगळ्यांना खुला असतो, म्हणजे वर्गात अठरा वर्षांची मुलगी, रात्रपाळी करून आलेला माणूस आणि माझ्यासारखी सांगलीहून बीकॉम करून आलेली, दहा वर्षं पुस्तक हातात न धरलेली बाई, सगळे एकाच बाकावर. इतक्या वेगवेगळ्या लोकांना एका पातळीवर आणायचं म्हणूनच ही मदतीची ऑफिसं उघडलेली आहेत, त्यातली काही तर थेट कायद्याने. तिथे जाणं म्हणजे कुणापुढे हात पसरणं नव्हे. लायब्ररीत जाऊन पुस्तक घेतो तसंच ते आहे.

फी बघा, मग रडा

पहिलं ऑफिस ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स. मी एच-फोर वर (नवऱ्याच्या नोकरीच्या एच-वन व्हिसाबरोबर मिळतो तो) असताना पहिल्यांदा नाव घातलं, सीसीसी अप्लाय या प्रवेशाच्या वेबसाइटचा फॉर्म रात्री अकराला मुलाला झोपवून भरला, आणि बिल आलं ते नॉन-रेसिडेंटच्या दराने, म्हणजे ४६ च्या कित्येक पट. मला वाटलं व्हिसावर आहे म्हणजे असंच असणार, नवऱ्यालाही तेच वाटलं, आणि आम्ही भरले. पुढच्या सेमिस्टरला खिडकीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने सहज विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं राहताय? म्हटलं तीन. तिने ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला, रेसिडेन्सी रीक्लासिफिकेशन, म्हणजे राज्याचा रहिवासी म्हणून नव्याने नोंद, आणि कागदांची यादी पेनाने लिहून दिली, घराचा लीज, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, व्हिसाची कॉपी. दोन आठवड्यात काम झालं. आधीचे पैसे परत आले नाहीत, ते गेलेच.

तर नियम असा की एच-वन, एच-फोर सारख्या व्हिसांवर राज्यात रेसिडेन्सी मिळवता येते, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदावर दिसावं लागतं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, आणि व्हिजिटर व्हिसावर मिळत नाही. फॉर्म भरताना इमिग्रेशनचा आणि पत्त्याच्या तारखांचा भाग घाईत भरू नका, आणि बिल आलं की आधी दर बघा, चूक वाटली तर त्याच आठवड्यात जा.

काउन्सेलर म्हणजे मनाचा डॉक्टर नव्हे

आपल्याकडे काउन्सेलिंग म्हटलं की लोकांना वेगळंच वाटतं. इथे नुसतं काउन्सेलर म्हटलं तर तो अभ्यासक्रमाचा सल्लागार, म्हणजे कुठले कोर्स, कुठल्या क्रमाने, कुठे ट्रान्सफर, हे सांगणारा. त्याच्याकडून एज्युकेशन प्लॅन करून घ्यायचा, आणि तो एका सेमिस्टरचा छोटा नको, शेवटपर्यंतचा पूर्ण मागायचा, कॉम्प्रिहेन्सिव्ह हाच शब्द वापरा.

कधी जायचं हे जास्त महत्त्वाचं. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात बाहेर रांग असते आणि तुम्हाला दहा मिनिटं मिळतात, त्यात काय प्लॅन होणार. चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर गर्दी ओसरते तेव्हा अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट घ्या. जाताना तुमची आधीची ट्रान्सस्क्रिप्ट, तीन युनिव्हर्सिटींची नावं आणि लिहून आणलेले प्रश्न घेऊन जा. भारतातली डिग्री असेल तर ती लपवू नका, आणि वायाही समजू नका, डब्ल्यूईएस सारख्या संस्थेकडून मूल्यांकन करून घेतलं तर काही प्रीरिक्विझिट्स, म्हणजे आधी करावेच लागणारे कोर्स, सुटू शकतात, कॉलेजागणिक नियम वेगळे पण विचारायला पैसे पडत नाहीत. माझं अकाउंटिंगचं एक प्रीरिक्विझिट असंच सुटलं.

माझ्या काउन्सेलर बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, कुठला कोर्स कुठे चालतो ते दाखवणारी असिस्ट डॉट ओआरजी ही साइट उघडली, डाव्या बाजूला युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे आपल्या कॉलेजचा, आणि मी त्या वेळी करत असलेल्या एका कोर्सवर बोट ठेवून म्हणाल्या, हा तुमच्या मेजरला चालत नाही. चार युनिट, चार महिने. मी तो कोर्स वर्गातल्या एका मुलीने सांगितलं म्हणून घेतला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, असिस्ट स्वतः उघडून बघा, कारण काउन्सेलरही माणूसच, त्यांचीही नजरचूक होते, आणि जे ठरलं ते घरी जाऊन ईमेलने लिहून पाठवा म्हणजे दोघांकडे राहतं. ईमेलमध्ये विद्यार्थी आयडी, कोर्स नंबर आणि एकच स्पष्ट प्रश्न. तीन परिच्छेदांची प्रस्तावना घातली की उत्तर उशिरा येतं, हा माझा अनुभव.

ट्रान्सफरवाल्यांसाठी एक तारीख पाठ करून ठेवा. टॅग नावाची हमी योजना आहे, ठरलेली जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि कोर्स पूर्ण केले तर प्रवेश पक्का, आणि ती यूसीच्या सहा कॅम्पसना आहे, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज फक्त सप्टेंबर महिन्यात, आणि ऑक्टोबरमध्ये जाग आलेली मुलं मी दर वर्षी बघते. ट्रान्सफर सेंटर म्हणून वेगळं ऑफिस असतं, ऑगस्टमध्येच तिथे डोकावून या.

ट्युटरिंग, आणि पेन्सिल कुणाच्या हातात

हे मला सगळ्यात जवळचं. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या परीक्षेत मला ५८ मिळाले, आणि मी आठवडाभर ट्युटरिंग सेंटरच्या दारावरून जात होते पण आत जात नव्हते, कारण आत सगळी माझ्या भाचीच्या वयाची पोरं. शेवटी गेले. कार्ड स्वाइप केलं, एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी समोर बसली, मी वही तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं हे स्टँडर्ड डीव्हिएशन सोडवून दाखव. तिने वही माझ्याकडे परत सरकवली, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुम्ही कुठपर्यंत आलात ते दाखवा. मी पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, तिसऱ्या ओळीत वर्ग करायच्या आधीच बेरीज केली, आणि तिने नुसतं बोट ठेवलं. काही बोललीच नाही. बेरीज शून्य येत होती, दर वेळी शून्यच येणार होती, कारण सरासरीपासूनचे फरक वर्ग न करता मिळवले की शून्यच येतात. तीन आठवडे मला वाटत होतं की कॅल्क्युलेटर बिघडलाय.

तर कसं वापरायचं. ट्युटर गृहपाठ करून देत नाही, त्यामुळे कोरी वही घेऊन जाऊ नका, अडलेलं गणित अडल्या जागेपर्यंत लिहून न्या. आठवड्यातले दोन ठरावीक वार धरा, परीक्षेच्या आदल्या दिवशी तिथे बसायला जागा मिळत नाही. निबंधासाठी रायटिंग सेंटर वेगळं असतं, तिथे ते स्पेलिंग दुरुस्त करत नाहीत, तुमचा मुद्दा काय आणि तो पहिल्या पानावर दिसतोय का हे विचारतात, आणि आपल्या मराठी माध्यमवाल्यांना खरी गरज त्याचीच असते. इंग्रजी कच्चं म्हणून लाजायचं काही कारण नाही. बहुतेक कॉलेजात ऑनलाइन ट्युटरिंगही असतं, लहान मूल घरात असेल तर फार उपयोगी पडतं. आणि हे सगळं फुकट आहे.

प्रोफेसरांचे ऑफिस अवर्स हीसुद्धा मदतच. सरांना कशाला त्रास, हा आपला संस्कार, पण इथे ते त्या वेळेसाठी पगारी बसलेले असतात आणि कित्येकदा एकटेच बसलेले असतात.

अजून एक हिशोब. एका युनिटमागे आठवड्याला साधारण तीन तास धरतात, एक वर्गात आणि दोन घरी. म्हणजे १२ युनिट घेतले तर आठवड्याचे ३६ तास. नोकरी आणि घर सांभाळून १५ युनिट घेणाऱ्याला आधी हे गणित कागदावर मांडायला सांगा. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्मवर चालतात, तिथे सगळं अजून घाईत होतं, मागे पडलं तर सावरायला आठवडेच उरत नाहीत.

पैशाची मदत

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज भरा, आम्हाला काय मिळणार असं म्हणून सोडू नका. एच-फोरवाल्यांना फाफ्सा लागू नाही, त्यांनी कॉलेजच्या फाउंडेशनच्या स्कॉलरशिप बघाव्यात, त्यातल्या काहींना व्हिसाची अट नसते. पेल ग्रँट २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि ते परत फेडायचं नसतं. कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट मिळाली तर ते ४६ डॉलर युनिटवाली फीच माफ होते. कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीची तारीख २ मार्च, आणि कम्युनिटी कॉलेजवाल्यांना अजून एक संधी २ सप्टेंबरला.

आता बे एरियातल्या आपल्या घरांसाठी फार कामाची गोष्ट. फाफ्सा दोन वर्षं मागचा टॅक्स बघतं, म्हणजे दोन वर्षांपूर्वी भरपूर पगार होता आणि आता लेऑफ झालाय, तर कागदावर तुम्ही श्रीमंतच दिसता. अशा वेळी फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन प्रोफेशनल जजमेंट मागायचं, हाच शब्द वापरा, लेऑफचं पत्र आणि आत्ताच्या उत्पन्नाचे कागद द्यायचे, त्यांना आकडे बदलायचा अधिकार असतो. एका ओळखीच्या घरात वडिलांची नोकरी गेली तेव्हा मुलाने कॉलेज सोडून काम धरायचं ठरवलं होतं, हे ऑफिस कुणाला माहीतच नव्हतं. मी स्वतः त्याच्याबरोबर गेले. तो शिकतोय अजून.

ईओपीएस हे नाव लक्षात ठेवा. १९६९ च्या कायद्याने सुरू झालेली योजना, कमी उत्पन्न आणि शिक्षणात मागे पडलेल्यांसाठी, सहसा १२ युनिट घ्यावे लागतात. पुस्तकांना पैसे, वेगळा काउन्सेलर, सेमिस्टरमध्ये तीनदा भेट सक्तीची, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रजिस्ट्रेशनला सगळ्यांच्या आधी नंबर, म्हणजे भरून जाणारे केमिस्ट्री-ॲनाटॉमीचे लॅब तुम्हाला मिळतात. अशीच एक ट्रायो नावाची केंद्र सरकारची योजना काही कॉलेजात असते, ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणीच बॅचलर्स केलेलं नाही अशांना त्यात घेतात. जागा मर्यादित असतात, लवकर अर्ज करा. पुस्तकं विकत घ्यायच्या आधी लायब्ररीच्या रिझर्व्ह काउंटरला विचारा, दोन तासांसाठी पुस्तक मिळतं, बऱ्याच ठिकाणी लॅपटॉपही सेमिस्टरभर देतात.

आणि फूड पँट्री, म्हणजे विद्यार्थ्यांना फुकट किराणा मिळतो ती जागा. २०२१ च्या कायद्यानंतर राज्यातल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर असतं. तांदूळ, कांदे, डबाबंद छोले, दूध, अंडी, सहसा फक्त आयडी दाखवावं लागतं. मी सहा महिने पँट्रीसमोरून मान खाली घालून गेले, की आपण घेतलं तर खऱ्या गरजूचं जाईल. तिथल्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी उरलेली भाजी आम्ही टाकून देतो. त्या दिवशी मी एक पालकाची जुडी घरी नेली. तुमच्या मुलाला डबा न्यायला जमत नसेल, तो दिवसभर चिप्सवर राहत असेल तर त्याला सांगा जा म्हणून. कॅलफ्रेश हा मात्र किराणा घ्यायला पैसे देणारा वेगळा सरकारी लाभ आहे, त्याला इमिग्रेशनच्या अटी आहेत, तो सेंटरवाल्यांशी नीट बोलूनच भरा.

डीएसपीएस, म्हणजे अपंगत्व किंवा आजार असलेल्या विद्यार्थ्यांच्या मदतीचं ऑफिस: इथे आपली माणसं सगळ्यात जास्त मागे राहतात

मुलाला एडीएचडी आहे, वाचायला त्रास होतो, नैराश्याची गोळी चालू आहे, एका कानाने कमी ऐकू येतं, आणि घरचे म्हणतात कॉलेजात सांगू नकोस, उगाच शिक्का बसेल. शिक्का बसत नाही. ट्रान्सस्क्रिप्टवर येत नाही, डिग्रीवर येत नाही, प्रोफेसरला फक्त एवढंच कळतं की या विद्यार्थ्याला परीक्षेला जास्त वेळ द्यायचाय, का ते कळत नाही.

पण एक फरक समजून घ्या. हायस्कूलमध्ये आयईपी (खास गरज असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला आराखडा) होता म्हणजे कॉलेजात तो आपोआप चालू राहतो असं नाही, तो कायदाच बारावीला संपतो. कॉलेजात विद्यार्थ्याने स्वतः जाऊन सांगायचं, कागद द्यायचे, मुलाखत द्यायची, आणि प्रत्येक सेमिस्टरला पत्र नव्याने पाठवायला सांगायचं. पत्राच्या आधी झालेल्या परीक्षेला त्याचा उपयोग होत नाही. म्हणून जूनमध्येच जा, जुना आयईपी घेऊन जा. हात मोडलाय, ऑपरेशन झालंय अशा तात्पुरत्या अडचणीलाही बरीच ऑफिसं मदत करतात.

मनाच्या त्रासासाठी स्टुडंट हेल्थ सेंटर. फीबरोबर जी थोडी हेल्थ फी कापतात ना, ती त्यासाठीच, त्यात थेरपिस्टची काही सेशन्स येतात. घरी फोन जात नाही. रात्री-अपरात्री फार वाईट वाटलं तर ९८८ हा नंबर देशभर चालतो, फोन करा नाहीतर मेसेज करा.

क्लास सोडायचाच असेल तर

आधी प्रोफेसर, मग काउन्सेलर, मग ड्रॉपचं बटन, या क्रमाने. टर्मच्या सुरुवातीला ड्रॉपची एक ठरलेली तारीख असते, तिच्याआधी सोडलं तर काहीच नोंद राहत नाही, नंतर सोडलं तर डब्ल्यू, म्हणजे क्लास सोडल्याची खूण येते, आणि साधारण तीन चतुर्थांश टर्म झाली की तोही बंद, मग जी ग्रेड येईल ती. नुसतं जायचं बंद केलं तर एफ येऊ शकतो, आणि तो जीपीएत बसतो. या तारखा प्रत्येक क्लासच्या वेगळ्या असतात, पोर्टलवर क्लासच्या नावासमोर दिसतात, पहिल्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. आजारपण, अपघात, घरात मृत्यू असं काही असेल तर एक्सक्यूज्ड विड्रॉअल मागता येतो, कागद लागतात.

एफ-वन वाल्यांनी तर इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय बटनाला हातही लावू नये. १२ युनिटच्या खाली गेलात आणि डीएसओची (त्या ऑफिसातला एफ-वनचं बघणारा अधिकारी) आधी परवानगी नसेल तर स्टेटसच जातं. आजारी असाल तर डॉक्टरचं पत्र घेऊन आधी जा, ते रिड्यूस्ड कोर्स लोड, म्हणजे कमी युनिट घ्यायची परवानगी देऊ शकतात. आणि त्या १२ मध्ये ऑनलाइनचा एकच क्लास धरतात.

आईवडिलांनो

कॉलेजात फोन करून माझ्या मुलीचे मार्क सांगा म्हटलंत तर ते सांगणार नाहीत. उद्धटपणा नाही तो, १९७४ चा फर्पा कायदा आहे, मूल कॉलेजात गेलं की त्याची नोंद त्याच्या मालकीची, मग ते सतरा वर्षांचं का असेना. त्याने लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. त्यामुळे फोन न करता मुलाबरोबर जा, दाराबाहेर बसा, आत त्यालाच बोलू द्या. त्या लेऑफवाल्या घरातल्या मुलाबरोबर गेले तेव्हा मीही बाहेरच बसले होते, आतून तो तीन-चार वेळा अडखळला ते ऐकू येत होतं, उठून जावंसं फार वाटत होतं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फॉर्म होता आणि त्याने स्वतःच वाचून सांगितलं, काकू, गुरुवारपर्यंत द्यायचाय, पपांची दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट लागतील.